स्वतंत्र न्यूजलेटर आणि ललित निबंधकार : वाचायला कोणाला सुचवावं, आणि कसं?

समासटीप

नमस्कार मंडळी,

वाचनगटासाठी एक यादी करायची आहे. कोणत्याही वृत्तपत्राच्या किंवा कंपनीच्या पगारावर नसलेले, स्वतःच्या हिमतीवर न्यूजलेटर (वाचकांना ईमेलने पाठवलं जाणारं पत्र) चालवणारे लेखक हवेत. त्यातही वैयक्तिक निबंध लिहिणारे जास्त हवेत. इंग्रजी चालेल, गटात सगळ्यांना वाचता येतं. पण लांबलचक निबंध एका बैठकीत संपवायची सवय सगळ्यांना नाही.

अशा याद्या नेटवर पैशाला पासरी मिळतात. बहुतेक सगळ्या 'अमुक भन्नाट लिहितो, नक्की वाचा' इथेच संपतात. वाचणारा उत्साहाच्या भरात दहा ठिकाणी सबस्क्राइब करतो, पंधरवड्यात इनबॉक्स तुंबतो आणि मग काहीच उघडलं जात नाही.

तर प्रश्न असे : कोणाला सुचवाल? त्यांच्या कोणत्या लेखापासून सुरुवात करायला सांगाल? एका वेळी किती नावं द्यावीत? ईमेल तुंबू नये यासाठी काही तांत्रिक सोय असेल तर तीही सांगा. आणि पैसे भरून वाचायच्या न्यूजलेटरांचं काय करायचं तेही कोणीतरी नीट समजावून सांगा.

टाचणवही

नावं देतोच, पण आधी नोंद कशी लिहायची ते बघू. अर्धं काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

न्यूजलेटरच्या मुख्य पानाची लिंक देऊ नका. तिथे सगळ्यात वर असतो तो कालचा लेख, आणि कालचा लेख त्या लेखकाचा चांगला नमुना असेलच असं नाही. शिवाय नव्या माणसाला लेखाच्या आधी ईमेल मागणारी चौकट दिसते. सबस्टॅकवर (न्यूजलेटर चालवायची एक लोकप्रिय साइट) ती ओलांडून आत जाता येतं, पण ती लिंक इतकी बारीक असते की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. म्हणून एकच लेख निवडा आणि त्याची थेट लिंक द्या.

त्यासोबत चार गोष्टी लिहा : वाचायला किती वेळ लागेल, पत्र किती दिवसांनी येतं, फुकट किती आणि पैशाचं किती, आणि हे कोणाला आवडणार नाही. ही शेवटची ओळ लोक गाळतात, कारण लिहिताना लेखकाचा अपमान केल्यासारखं वाटतं. पण वाचणारा निर्णय घेतो तो तिच्यावरच. वेळेच्या बाबतीत एक पथ्य पाळा. साइटवर 'इतक्या मिनिटांचं वाचन' असं जे दिसतं ते सरावलेल्या वाचकाचा वेग धरून असतं. दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्यांसाठी त्याच्या दीडपट लिहा, नाहीतर माणूस अर्ध्यावर पोचून स्वतःलाच मंद समजू लागतो.

आता नावं.

मारिया पोपोवा, द मार्जिनेलियन. २००६ मध्ये सात जणांना पाठवलेल्या ईमेलपासून हे सुरू झालं. तेव्हा नाव 'ब्रेन पिकिंग्ज' होतं, ते २०२१ मध्ये बदललं. सगळं वाचायला खुलं आहे, खर्च वाचकांच्या देणग्यांवर चालतो. जुनी पत्रं, रोजनिश्या, शास्त्रज्ञांची टिपणं यांतले उतारे एकमेकांत गुंफून ती लिहिते. रविवारचं पत्र भलंमोठं असतं आणि नवखा वाचक तिथेच गारद होतो. तिची बुधवारची एक वेगळी टपाल-यादी आहे. तिच्यात संग्रहातला एकच जुना लेख येतो. गटासाठी हीच बरी. कोणाला आवडणार नाही? उताऱ्यांमागून उतारे आणि कायम थोडी भारावलेली भाषा ज्यांना सोसत नाही त्यांना.

क्रेग मॉड. जपानमधल्या जुन्या वाटा पायी चालायच्या आणि त्याबद्दल लिहायचं, हा त्याचा मुख्य उद्योग. 'रोडन' आणि 'रिजलाइन' ही त्याची दोन नेहमीची न्यूजलेटरं. पण वाचनगटाला खरी उपयोगाची त्याची तिसरी तऱ्हा : ठरावीक काळापुरतं न्यूजलेटर. एखादी पदयात्रा सुरू होण्याआधी तो नवी यादी उघडतो, चालत असेपर्यंत रोज एक पत्र पाठवतो आणि यात्रा संपली की यादी पुसून टाकतो. वाचकाला शेवट कुठे आहे ते आधीच माहीत असतं, त्यामुळे मागे पडल्याची टोचणी राहत नाही. पैशाची व्यवस्थाही बघण्यासारखी आहे. २०१९ पासून त्याची सभासद योजना आहे, पण लेखांना कुलूप नाही. सभासदांच्या पैशांवर लिहिलेलं बरंचसं सगळ्यांना वाचता येतं. ज्यांना प्रवासवर्णनात 'काय पाहावं, कुठे राहावं' हवं असतं त्यांची मात्र निराशा होईल. इथे पानभर एखाद्या ओसाड पडत चाललेल्या गावातल्या कॉफीच्या दुकानावर असतं.

ऑलिव्हर बर्कमन, द इम्परफेक्शनिस्ट. महिन्यातून साधारण दोनदा, आणि आटोपशीर. आधी बरीच वर्षं तो वृत्तपत्रात स्तंभ लिहीत असे. तो हात अजून दिसतो, चौथ्या परिच्छेदापर्यंत मुद्दा आलेला असतो. वेळेचं नियोजन, कामाची यादी, अपुरेपणा हे विषय. लांब निबंधाची सवय नसलेल्यांना पहिलं नाव म्हणून हेच द्या. फक्त यात माणसाचं आयुष्य फारसं दिसत नाही, विचार दिसतो. ललित शोधणाऱ्याला कोरडं वाटू शकतं.

अर्धविराम

टाचणवहीशी सहमत. वैयक्तिक निबंधाबद्दल थोडं वेगळं सांगावंसं वाटतं, कारण तिथे निवड चुकण्याची कारणं निराळी असतात.

माहितीपर न्यूजलेटर एका अंकावरून पारखता येतं. निबंधकार येत नाही. प्रत्येकाकडे एक निबंध जोरदार असतोच : आईचं आजारपण, सोडलेली नोकरी, मोडलेलं नातं. तो वाचून आपण भारावतो आणि सबस्क्राइब करतो. पुढच्या चार अंकांत कळतं की त्या एका अनुभवापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून कोणाला सुचवण्याआधी तीन निबंध वाचा : सुरुवातीच्या दिवसांतला एक, मधला एक, आणि सर्वांत ताजा. संग्रहाच्या पानावर 'नवे' आणि 'लोकप्रिय' अशी क्रमवारी असते, तिथे 'लोकप्रिय'वर विसंबू नका. ती यादी मुख्यतः बदामांवर (म्हणजे लाइकवर) ठरते, आणि बदाम मिळतात ते बाहेर कुठेतरी पसरलेल्या, सहज शेअर होणाऱ्या लेखांना. लेखकाचा नेहमीचा आवाज मधल्या, कोणी फारसं न वाचलेल्या अंकात ऐकू येतो.

वाचताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, निबंधात 'मी'च्या बाहेरचं काही आहे का? एखादी वस्तू, एखादं काम, दुसरा माणूस, एखादं जुनं पुस्तक, काहीही. दुसरी, लेखक सुरुवातीला जिथे उभा होता तिथून शेवटी हललेला आहे का, की ठरवून ठेवलेल्या निष्कर्षाकडे आपल्याला हाताला धरून नेलं? तिसरी, साचा. सलग तीन अंक छोट्या प्रसंगाने सुरू होत असतील, मध्ये कोणाचं तरी वचन येत असेल आणि शेवटी तीन बोधवाक्यं असतील, तर तो लेखक दर आठवड्याच्या वेळापत्रकाने ग्रासलेला आहे. दोष नेहमीच माणसाचा नसतो. ठरलेल्या वारी काहीतरी पाठवायचंच, असं एकदा जाहीर केलं की भरताड येणारच. म्हणूनच निबंधकार सुचवताना 'पत्र अनियमित येतं' ही उणीव समजू नये. बऱ्याचदा ती शिफारस असते.

माझ्याकडून दोन नावं.

हेन्रिक कार्लसन, एस्केपिंग फ्लॅटलँड. स्वीडिश लेखक, लिहितो इंग्रजीत. विषय म्हणाल तर मुलांना वाढवणं, लग्न, एकट्याने विचार करणं, लिहिणं. सुरुवात २०२२ मधल्या एका निबंधापासून करा. त्याचं शीर्षकच एक अख्खं वाक्य आहे. मुद्दा असा : नेटवर लिहिलेला लेख म्हणजे एक लांबलचक शोध-प्रश्न. तो टाकला की आपल्याला हवी ती माणसं शोधत येतात. यातून निघणारा व्यावहारिक सल्ला उलटा आहे. सगळ्यांना कळेल असं लिहू नका, नेमक्या ज्या मूठभरांना उद्देशून लिहिताय त्यांना कळेल असं लिहा. गटात हा निबंध वाचला की वाद होतोच, आणि वाचनगटाला ते चांगलंच. न आवडणारे : ज्यांना लेखकाच्या घरातला तपशील हवा असतो. तो आपलं आयुष्य पुराव्यासारखं वापरतो, गोष्टीसारखं नाही.

निक केव्ह, द रेड हँड फाइल्स. गायक म्हणून माहीत असेल. सप्टेंबर २०१८ पासून हे चालू आहे. वाचक प्रश्न पाठवतात, तो एकेकाला पत्रातून उत्तर देतो. मोफत, खाली प्रतिक्रियांची जागा नाही, आणि ती नसल्यामुळेच आवाज खाजगी राहतो. सहाव्या अंकापासून सुरुवात करा (ऑक्टोबर २०१८). एका वाचकाने जवळची माणसं गेल्यानंतरही त्यांच्याशी संवाद चालू असल्यासारखं वाटतं असं लिहिलं होतं, त्याला हे उत्तर आहे. २०१५ मध्ये त्याचा मुलगा गेला, ते माहीत असेल तर पत्र वेगळं वाचलं जातं. वाचायला पाच-सात मिनिटं. ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांना न विचारता हे पाठवू नका, एवढंच.

वाटाण्याच्या_अक्षता

मॅट लेव्हिनचं 'मनी स्टफ' कोणीच कसं नाही घेतलं? अर्थव्यवहारावर इतकं विनोदी कोणी लिहीत नाही. आणि हीदर कॉक्स रिचर्डसन?

टाचणवही

@वाटाण्याच्या_अक्षता, लेव्हिन वाचावाच, पण तो ब्लूमबर्गचा स्तंभलेखक आहे. प्रश्नात 'कोणाच्या पगारावर नसलेले' अशी अट आहे.

रिचर्डसन स्वतंत्र आहेत आणि उत्तम आहेत. इतिहासाच्या प्राध्यापक, २०१९ पासून 'लेटर्स फ्रॉम ॲन अमेरिकन' लिहितात. पण ते जवळजवळ रोज येतं आणि अमेरिकेच्या चालू राजकारणावर असतं. निबंधांच्या यादीत रोजचं एक पत्र घुसलं की बाकीची सगळी त्याखाली दबतात. हवं तर वेगळ्या शीर्षकाखाली द्या आणि 'ईमेलने घेऊ नका, आठवड्यातून एकदा साइटवर जाऊन वाचा' असं लिहा. पत्राच्या शेवटी संदर्भ देण्याची त्यांची शिस्त मात्र गटाला दाखवण्यासारखी आहे.

तारयंत्र

तांत्रिक बाजू माझ्याकडे. चार मार्ग आहेत. ज्याला जो झेपेल तो त्याने घ्यावा.

सगळ्यात सोपा : जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि कोणताही शब्द जोडून सबस्क्राइब करा, म्हणजे नाव, मग अधिक, मग 'वाचन' (इंग्रजी अक्षरांत), मग नेहमीसारखं ॲट जीमेल. पत्र तुमच्याच खात्यात येतं, पण पत्ता वेगळा असल्यामुळे चाळणी लावता येते. सेटिंगमध्ये फिल्टर तयार करा. 'प्रति'च्या रकान्यात हा वाढीव पत्ता टाका, आणि पुढे तीन खुणा करा : इनबॉक्स वगळा, 'वाचन' हे लेबल लावा, स्पॅममध्ये कधीही टाकू नका. तिसरी खूण विसरली की नव्या लेखकाची पहिली पत्रं स्पॅममध्ये पडू शकतात. काही अर्ज पत्त्यात अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर फिल्टर लावा.

सबस्क्राइब केल्यावर खात्री करणारं पत्र येतं. त्यातलं बटण दाबेपर्यंत काही ठिकाणी यादीत नावच चढत नाही. 'सबस्क्राइब केलं पण काहीच येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच न उघडलेलं पत्र असतं. ते जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात शोधा.

दुसरा मार्ग फीडचा (साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी), आणि माझं मत विचाराल तर हाच योग्य. फीड रीडर नावाचं कोणतंही ॲप घ्या आणि न्यूजलेटरचा पत्ता त्यात टाका. बहुतेक रीडर फीड आपोआप शोधतात. नाही सापडलं तर सबस्टॅक आणि वर्डप्रेसवर (तीही लेखन प्रसिद्ध करायची सेवा) मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा. घोस्ट या तशाच सेवेवर 'फीड'ऐवजी आरएसएसची तीन इंग्रजी अक्षरं. फायदा असा की ईमेल पत्ता कोणालाही द्यावा लागत नाही, सोडायचं असेल तर एक टिचकी पुरते, आणि न वाचलेला आकडा कामाच्या टपालात मिसळत नाही. तोटा : पैशाच्या लेखांचा फक्त सुरुवातीचा तुकडा फीडमध्ये येतो.

तिसरा मार्ग, फीड नसलेल्यांसाठी. 'किल द न्यूजलेटर' नावाची मोफत सेवा आहे. ती एक ईमेल पत्ता आणि त्याला जोडलेलं फीड देते. त्या पत्त्यावर आलेलं पत्र रीडरमध्ये लेख म्हणून दिसतं. खात्री करणारं पत्रही तिथेच येईल हे लक्षात ठेवा. ते फीड ज्याला मिळेल त्याला तुमची पत्रं वाचता येतात, म्हणून पैसे भरलेल्या न्यूजलेटरसाठी हे वापरू नका.

चौथा : काहीच सबस्क्राइब करू नका. ब्राउझरमध्ये बुकमार्कचं एक फोल्डर करा आणि महिन्यातून एकदा उघडा. अनियमित लिहिणाऱ्या निबंधकारांसाठी हे पुरतं.

आता बिघाड कुठे होतात ते.

पत्र अर्ध्यावर तुटतं : जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं पत्र कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशी लिंक देतं. लोकांना वाटतं निबंध तिथेच संपला. लांब निबंध कायम साइटवर उघडून वाचा. पत्राच्या शीर्षकावर टिचकी मारली की सहसा तिथेच जाता येतं. जाता जाता, गटापैकी कोणी मराठी न्यूजलेटर काढणार असेल तर हे त्यांना जास्त लागू आहे. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर १. म्हणजे तेवढ्याच लांबीचा मराठी मजकूर मर्यादेजवळ बराच आधी पोचतो. ३०,००० चिन्हांचा निबंध म्हणजे निव्वळ मजकुराचेच सुमारे ९० केबी, वर सजावटीचा कोड वेगळा.

न मागितलेली पत्रं येऊ लागतात : सबस्टॅकवर सबस्क्राइब केल्यावर त्या लेखकाने शिफारस केलेल्या इतरांची यादी समोर येते. ती न वाचता पुढचं बटण दाबलं की एकाऐवजी चार न्यूजलेटरं गळ्यात पडू शकतात. तिथे थांबून खुणा काढा.

तुमचंच सबस्क्रिप्शन बंद होतं : आलेलं पत्र जसंच्या तसं गटाला फॉरवर्ड करू नका. तळाची 'अनसबस्क्राइब' लिंक तुमच्या नावाची असते. कोणी ती दाबली की नाव तुमचं जातं. साइटवरची लिंकच पाठवा.

आणि पत्र उघडल्याची नोंद : बहुतेक पत्रांत एका पिक्सेलचं अदृश्य चित्र असतं. ते लोड झालं की पत्र उघडलं गेलं असं पाठवणाऱ्याला कळतं. नको असेल तर सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नका' हा पर्याय निवडा.

अर्धविराम

पैशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात.

आधी तीन महिने मोफत भाग वाचायचा. त्या काळात लेखकाचे निदान चार अंक पूर्ण वाचले गेले नाहीत तर पैसे भरून वाचले जातील ही आशा सोडा. भरायचेच तर पहिल्यांदा मासिक, वार्षिक नाही. वार्षिक स्वस्त दिसतं, पण आपोआप नूतनीकरण होतं आणि लोकांना ते वर्षाने खात्यातून पैसे गेल्यावर आठवतं. भरल्या दिवशीच कॅलेंडरमध्ये नूतनीकरणाच्या आठवडाभर आधीची आठवण लावा. लेखकाने विश्रांती घेतली तर वर्गणी थांबवून ठेवायची सोय त्याच्याकडे असते, पण सगळे ती वापरत नाहीत. 'याविषयी' पानावर तसं काही म्हटलंय का ते बघा. परवडत नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. बरेच जण अशांना मोफत प्रवेश देतात आणि तेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.

गटासाठी एकाने पैसे भरून लेख सगळ्यांना वाटायचे, हे करू नका. एकट्याने चालवलेल्या न्यूजलेटरमध्ये दहा वाचक म्हणजे खरोखर दहा वाचक असतात. काही लेखकांनी गटासाठी सवलतीची वर्गणी ठेवलेली असते, आधी ती शोधा.

पैसे भरण्याजोगं एक नाव : जॉर्ज साँडर्सचा स्टोरी क्लब, डिसेंबर २०२१ पासून. हा निबंध नव्हे, कथा वाचण्याची शाळा म्हणा. तो एक कथा घेतो आणि थोडी थोडी पुढे सरकवत वाचकांना विचारतो : आत्ता तुम्हाला काय वाटतंय, पुढे काय होईल असं वाटतं, आणि कोणत्या शब्दामुळे? खालच्या प्रतिक्रियाही वाचनीय असतात, असं क्वचितच म्हणता येतं. वाचनगट चालवणाऱ्याने निदान पद्धत उचलण्यासाठी बघावं.

समासटीप

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. दोन शंका राहिल्या. एक, न्यूजलेटर बंद पडलं किंवा दुसरीकडे गेलं तर यादीतल्या लिंक मरतात, त्याचं काय? दोन, खाली एक नोंद लिहून बघितली आहे, दुरुस्त करा.

"एल. एम. सकासस, द कन्व्हिव्हियल सोसायटी. तंत्रज्ञान आणि समाज या विषयावरचं अतिशय सखोल आणि विचारप्रवर्तक न्यूजलेटर. प्रत्येकाने वाचलंच पाहिजे. लेखक अत्यंत अभ्यासू आहे. सुरुवात कुठूनही करा."

तारयंत्र

पहिल्या शंकेचं उत्तर. मरतात हे खरं. रेव्ह्यू नावाची न्यूजलेटर सेवा ट्विटरने २०२१ मध्ये विकत घेतली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. टायनीलेटर २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झालं. वैयक्तिक निबंध लिहिणारे कितीतरी जण एका काळी तिथेच होते. ज्यांनी आपला संग्रह वेळेत बाहेर काढला नाही त्यांचं लेखन त्या पत्त्यावरून गेलं.

म्हणून लेखकाचं स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेबपत्ता) असेल तर लिंक त्याचीच द्या, प्लॅटफॉर्मच्या नावाची नको. केसी न्यूटनचं तंत्रज्ञानावरचं न्यूजलेटर 'प्लॅटफॉर्मर' जानेवारी २०२४ मध्ये सबस्टॅकवरून घोस्टवर गेलं. स्वतःचं डोमेन असल्यामुळे वाचकाला पत्ता तोच राहिला. यादीत टाकलेला प्रत्येक लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'पान जतन करा' म्हणून साठवून ठेवा आणि ती दुसरी लिंक स्वतःच्या नोंदीत ठेवा. फीड रीडर वापरत असाल तर ओपीएमएल नावाची फाइल अधूनमधून काढून ठेवा. तिच्यात सगळ्या फीडचे पत्ते असतात आणि कोणत्याही दुसऱ्या रीडरमध्ये ती चढवता येते. रीडरही बंद पडतात; गूगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं तेव्हा ज्यांच्याकडे ही फाइल होती त्यांचं दहा मिनिटांत भागलं.

आणि बंद पडलेलं न्यूजलेटर यादीतून काढू नका. संग्रह शाबूत असेल तर 'पूर्ण झालेलं, नवीन येत नाही' असं लिहून वर ठेवा. इनबॉक्सवर त्याचा शून्य भार असतो.

टाचणवही

नोंदीबद्दल. तुमच्या पाच वाक्यांतली चार कोणत्याही न्यूजलेटरला लागू पडतील. 'सखोल', 'विचारप्रवर्तक', 'अभ्यासू' हे तिन्ही शब्द काढा, आणि 'कुठूनही' तर मुळीच नको. या लेखकाकडे कुठूनही शिरलं तर पहिल्याच पानावर इव्हान इलिच आणि हॅना आरेंट यांच्यासारखे विचारवंत भेटतात आणि वाचक पळतो. मी अशी लिहीन :

"एल. एम. सकासस, द कन्व्हिव्हियल सोसायटी. यंत्रं आणि ॲप्स आपल्या सवयी कशा घडवतात यावर निबंध. सुरुवात : २०२१ मधला ४१ प्रश्नांचा लेख. एखादी वस्तू वापरण्याआधी तिच्याबद्दल विचारायचे हे प्रश्न, उदाहरणार्थ, ही वापरल्याने मी कशा प्रकारचा माणूस होईन? माझ्या वेळेच्या जाणिवेत काय फरक पडेल? लेख सलग वाचू नका. हातातला फोन किंवा घरातलं एखादं उपकरण निवडा आणि त्यातल्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून आणा. पत्र अनियमित येतं. तत्त्वज्ञांची नावं पुन्हा पुन्हा येतात, ती ओळखीची नसली तरी चालतं, पण त्यांचा कंटाळा असेल तर हे तुमच्यासाठी नाही."

यात गटाला करायला काम आहे, हा त्या लेखाचा खरा गुण. एक उणीव राहिली आहे : वाचायला किती मिनिटं लागतात ते मी लिहिलेलं नाही. ते घड्याळ लावून तुम्हीच मोजा आणि घाला.

नावांच्या संख्येचं : महिन्याला तीन. एक छोटं (बर्कमन किंवा केव्ह), एक लांब (कार्लसन किंवा सकासस), आणि एक मुदतीचं किंवा संपलेलं. पुढच्या महिन्यात नवीन तीन द्याल तेव्हा मागच्या तीनपैकी कोणाला कोण सोडतंय ते विचारा. सोडणाऱ्याने कारण एका ओळीत सांगायचं. 'हे कोणाला आवडणार नाही' हा रकाना त्या ओळींतून आपोआप भरतो.

वाटाण्याच्या_अक्षता

मुदतीचं म्हणून महिन्याला एक कुठून आणणार? क्रेग मॉड काय दर महिन्याला चालायला निघत नाही.

अर्धविराम

बरोबर. त्या जागी स्पर्धा वापरा. स्कॉट अलेक्झांडरच्या 'ॲस्ट्रल कोडेक्स टेन' या न्यूजलेटरवर वाचकांनी लिहिलेल्या परीक्षणांची स्पर्धा असते. अंतिम फेरीतले लेख लेखकाच्या नावाशिवाय छापले जातात आणि मतदानानंतर नावं उघड होतात. नाव माहीत नसताना वाचायला मिळणं ही नवे निबंधकार शोधायची उत्तम संधी आहे, कारण आपण प्रसिद्धीला नव्हे, लेखाला दाद देतो. एक लेख निवडून गटात वाचा. लेख लांब असतात, काही तर तासाभराचे. दोन बैठकांत विभागा. नाव कळलं की त्या माणसाचं स्वतःचं न्यूजलेटर आहे का ते बघा, बऱ्याच जणांचं असतं.

समासटीप

छान, तीनाची रचना पक्की. नोंद बदलतो आणि लिंकसकट इथे टाकतो.

तारयंत्र

लिंक टाकताना तिच्यात प्रश्नचिन्ह आलं असेल तर त्यापुढचा भाग काढून टाका. ईमेलमधून कॉपी केलेल्या लिंकला तो चिकटलेला असतो. कोण कुठून आलं ते त्यावरून मोजतात, कधीकधी त्यात तुमची ओळखही असते. काढल्यावर ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीत एकदा उघडून बघा. लॉगिन न करता पूर्ण लेख दिसला तरच यादीत घाला.